जिंकलेला डाव

गेल्या वर्षीं औरंगजेबाच्या दक्षिणेंतील मोहिमांवरचा तास संपवून मी पुस्तकें गोळा करीत असतां एक विद्यार्थी मेजापाशीं आला व म्हणाला, "सर, अशीं साम्राज्यें मी दर आठवड्याला उभारतों, पण एकही शेवटास नेलेलें नाहीं." प्रथम मला ही थट्टाच वाटली. अधिक विचारतां कळलें कीं, तो संगणकावर तारकासाम्राज्यांचे खेळ खेळतो. एका ग्रहापासून आरंभ करून अर्धी आकाशगंगा पादाक्रांत करतो, आणि विजय दृष्टीच्या टप्प्यांत आला कीं नेमका तेथेंच डाव टाकून देतो. असें कां, म्हणून मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "जिंकलेला डाव कोण खेळत बसणार? पुढें नुसती कारकुनी उरते."

साम्राज्याच्या परमोत्कर्षास 'कारकुनी' हें नांव कोणा इतिहासकारानें दिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. परंतु तें मला इतकें मार्मिक वाटलें कीं, त्या एका शब्दाच्या मागें लागून मीं ह्या खेळांचा पूर्वेतिहास धुंडाळला, आणि दिवाळीच्या सुटींत त्यांपैकीं कांहीं स्वतः खेळूनही पाहिले. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाचा हा उद्योग कित्येकांस पोरकट वाटेल. पण साम्राज्य म्हणजे काय, ह्याची पहिली कल्पना आमच्या मुलांना आज बखरींतून अगर पाठ्यपुस्तकांतून मिळत नसून बऱ्याच अंशीं ह्या खेळांतून मिळते. असें असतां इतिहासाच्या अध्यापकानेंच त्यांकडे पाठ फिरवावी, हें कांहीं शहाणपणाचें नव्हे.

ह्या खेळांचें कूळ संगणकाहून जुनें आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हॉवर्ड थॉम्पसन ह्यांचा 'स्टेलर काँक्वेस्ट' नांवाचा पटावरचा खेळ निघाला. ताऱ्यांचा नकाशा, वसाहती, उद्योग, शास्त्रीय शोध आणि युद्धनौका हीं सर्व अंगें त्यांत होतीं. मात्र वसाहतींचें उत्पन्न खेळणाऱ्यानें स्वतः कागदावर मांडावयाचें असे. ही गैरसोय होती खरी; पण तिच्या पोटीं एक लाभही दडलेला होता. माणसाच्या हातून जेवढा हिशेब होईल, त्याहून मोठें साम्राज्य त्या पटावर होऊंच शकत नसे. पुढें १९८३ सालीं ऑस्ट्रेलियांतील 'स्ट्रॅटेजिक स्टडीज ग्रूप' ह्या संस्थेच्या रॉजर कीटिंग व इयन ट्राउट ह्या जोडीनें 'रीच फॉर द स्टार्स' हा खेळ संगणकावर आणला, आणि हिशेबाचें ओझें यंत्रानें आपल्या शिरावर घेतलें. हिशेबाची मर्यादा सुटली, तशी विस्ताराचीही सुटली. बेरीज-वजाबाकी यंत्र करूं लागलें. निर्णय मात्र माणसाकडेच राहिले. पुढील सर्व दुखण्याचें बीज मला येथेंच दिसतें.

ह्या प्रकारास स्वतंत्र नांव मिळालें तें १९९३ सालीं. त्या वर्षीं स्टीव्ह बार्सिया ह्यांच्या सिमटेक्स संस्थेनें रचलेला 'मास्टर ऑफ ओरायन' हा खेळ मायक्रोप्रोज कंपनीनें प्रसिद्ध केला. त्याचा परिचय करून देतांना ॲलन एमरिच ह्या लेखकानें 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' मासिकांत त्याचें सार चार इंग्रजी क्रियापदांत सांगितलें: एक्स्प्लोअर, एक्स्पांड, एक्स्प्लॉइट आणि एक्स्टर्मिनेट, म्हणजे शोधा, पसरा, राबवून घ्या आणि निःपात करा. चारही शब्दांच्या आरंभीं 'एक्स' हा ध्वनि असल्यामुळें त्या खेळांच्या जातीस पुढें 'फोर एक्स' म्हणण्याचा प्रघात पडला. ही व्याख्या चटकदार आहे, ह्यांत संशय नाहीं. पण तींत काय नाहीं तेंही पाहण्यासारखें आहे. मिळवण्याचीं क्रियापदें तींत आहेत; राखण्याचें नाहीं, वांटून देण्याचें नाहीं, सोडून देण्याचें तर नाहींच नाहीं. ज्या नाटकाच्या संहितेंत पांचवा अंक लिहिलेलाच नाहीं, त्याचे नट चौथ्या अंकाच्या अखेरीस गोंधळले, तर दोष नटांचा नव्हे.

आतां ह्या खेळांचा आरंभ इतका रम्य कां असतो, तें पाहूं. आपल्यापाशीं एक ग्रह, दोनचार लहान नौका, आणि भोंवतालीं अंधार. प्रत्येक ताऱ्याभोंवतीं काय आहे हें ठाऊक नाहीं. एक नौका उत्तरेस पाठविली तर दक्षिण मोकळी राहते. वसाहत आज वसवावी, कीं कारखाने आधीं वाढवावे, ह्याचा निर्णय चुकला तर शंभर वर्षांनीं त्याचें फळ भोगावें लागतें. थोडक्यांत म्हणजे साधनें थोडीं, अज्ञान फार आणि प्रत्येक निर्णय भारी. पांच ग्रहांच्या राज्यांत एका ग्रहाविषयींची आज्ञा म्हणजे राज्याच्या पंचमांशाविषयींची आज्ञा होय. पण राज्य पन्नास ग्रहांचें झालें म्हणजे आज्ञांची संख्या दहापट होते, आणि प्रत्येक आज्ञेचें महत्त्व एकदशांश उरतें. श्रम वाढत जातात व त्यांचें मोल घटत जातें. हें उत्तरकालाचें पहिलें दुखणें.

दुसरें दुखणें ह्याहून खोल आहे. ग्रहांपासून उत्पन्न, उत्पन्नापासून आरमार, आरमारापासून आणखी ग्रह, असें हें चक्र स्वतःच स्वतःस वेग देत जातें. सावकाराच्या चक्रवाढीसारखी ह्याची चाल आहे. आरंभीं शेजाऱ्यापेक्षां थोडासा पुढें असलेला खेळाडू मध्यावर दुप्पट होतो, आणि त्यापुढें त्यास अडवूं शकेल असें कोणीच उरत नाहीं. अशा रीतीनें डावाचा निकाल त्याच्या मध्यावरच लागतो. उत्तरार्ध हा त्या निकालाच्या अंमलबजावणीपुरताच शिल्लक राहतो.

येथें बुद्धिबळाशीं तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. बुद्धिबळाचा शेवट कंटाळवाणा होत नाहीं, ह्याचें कारण त्याच्या रचनेंतच आहे. डाव पुढें सरकतो तसतसे मोहरे पटावरून उठत जातात. जे उरतात त्यांचें मोल वाढत जातें. आरंभीं ज्या प्याद्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतें, तेंच शेवटीं वजीर होण्याच्या वाटेवर असतें, आणि इतका वेळ कोपऱ्यांत दडून बसलेला राजा स्वतः रणांत उतरतो. शिवाय डाव हातचा गेला असें दिसतांच हरणारा खेळाडू सभ्यपणें तो सोडून देतो. त्यास मात होईपर्यंत फरफटत नेण्याची पाळी जिंकणाऱ्यावर येत नाहीं. तारकासाम्राज्याच्या खेळांत सर्वच उलटें. तेथें मोहरे कमी होत नाहींत, वाढत जातात. आणि संगणकानें चालविलेला प्रतिस्पर्धी सहसा हार मानीत नाहीं. त्याच्या शेवटच्या ओसाड ग्रहापर्यंत आपलें आरमार हांकीत न्यावें लागतें.

पहिल्या 'मास्टर ऑफ ओरायन'च्या कर्त्यांना ह्या दोन्ही दुखण्यांची जाणीव असावी, असें त्याच्या रचनेवरून दिसतें. प्रत्येक ग्रहाचा सर्व कारभार त्यांनीं पांच सरकपट्ट्यांत आटोपला होता: नौका, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि शोध. पट्टी थोडी इकडे-तिकडे सरकविली कीं त्या ग्रहापुरतें राज्यशासन झालें. दुसरें म्हणजे आकाशगंगेंत वसाहती पुरेशा पसरल्या कीं सर्व राष्ट्रांची एक महासभा भरे, लोकसंख्येच्या मानानें मतें पडत, आणि ज्यास दोनतृतीयांश मतें मिळतील तो सार्वभौम ठरे. बुद्धिबळांत हरणाऱ्यानें डाव सोडावा, त्याचाच हा राजकीय पर्याय होता. उपाय सर्वस्वीं निर्दोष होता असें नाहीं. मतें अखेर माणसें मोजूनच पडत, तेव्हां पसरला तोच जिंकला हें खरेंच राहिलें. पण निकाल लागल्यावर खेळ संपावा, एवढें तारतम्य त्यांत खास होतें.

ह्याच संस्थेनें १९९६ सालीं त्याचा दुसरा भाग काढला. त्याचे चाहते आजही पुष्कळ आहेत, आणि कित्येक बाबतींत तो पहिल्याहून सरसही आहे. परंतु त्यांत सरकपट्ट्या जाऊन त्यांच्या जागीं इमारती आल्या. एका ताऱ्याभोंवतीं पांचपर्यंत ग्रह, प्रत्येक ग्रहावर शेतकरी, कामकरी व संशोधक ह्यांची वांटणी, आणि प्रत्येक वसाहतींत कारखाना, प्रयोगशाळा, छावणी अशा इमारतींची एकामागून एक रांग. पहिल्या चारपांच वसाहतींपर्यंत हें फार मनोरंजक असतें. एखाद्या नव्या संसाराची मांडणी करावी तसें. पण तिसाव्या वसाहतींत तोच कारखाना, तीच प्रयोगशाळा आणि तीच छावणी त्याच क्रमानें बांधावयाची असते. रांग आपोआप लावण्याची सोय खेळांत आहे. तथापि यंत्राची निवड आपल्या निवडीइतकी चांगली नसते, हें ठाऊक असल्यामुळें दक्ष खेळाडू ती वापरीत नाहीं. सम्राटाच्या नशिबीं मामलेदाराची कचेरी येते ती अशी.

मग हा कारभार दुसऱ्यांवर सोंपवावा, असा विचार पुढें येणें स्वाभाविक होतें. तिसऱ्या 'मास्टर ऑफ ओरायन'च्या रचनेंत, 'फोर एक्स' हें नांव ज्याच्यामुळें पडलें तो एमरिचच सहभागी होता. ह्या मालेची सूत्रें आतां क्विकसिल्व्हर ह्या संस्थेकडे आलीं होतीं. मूळ योजनेंत एक फार उद्बोधक कल्पना होती: सम्राटाचें लक्ष हीच एक परिमित वस्तु मानावी. प्रत्येक फेरींत त्यास ठराविक संख्येइतकेच हुकूम देतां यावे. बाकीचें राज्य सुभेदारांनीं आपल्या बुद्धीप्रमाणें चालवावें. द्रव्य, धान्य व आरमार ह्यांची टंचाई सर्व खेळांत असते. पण राजाच्या लक्षाचीही टंचाई असते, ही गोष्ट मला तरी अस्सल इतिहासाच्या जातीची वाटते. दुर्दैवानें खेळ तयार होतां होतां ही कल्पना गळून गेली, आणि प्रकाशनापूर्वींच एमरिचही त्या कामांतून बाहेर पडला. २००३ च्या फेब्रुवारींत खेळ निघाला तेव्हां सुभेदार शिल्लक होते, पण त्यांच्या मागचें तत्त्व नव्हतें. राजानें काय करावयाचें हेंच स्पष्ट राहिलें नाहीं. फेरी पुढें ढकलण्याची कळ दाबीत बसलें तरी राज्य आपोआप चालतें, अशी टीका झाली. दुसऱ्या भागांत सम्राट मामलेदार झाला होता. तिसऱ्यांत तो नामधारी छत्रपति झाला, आणि सर्व सत्ता अदृश्य पेशव्यांच्या हातीं गेली.

ह्याच्या अगदीं उलट टोंक २००८ सालच्या 'स्पोअर'मध्यें दिसतें. विल राइट ह्या नामांकित रचनाकाराचा हा खेळ एका सूक्ष्म जीवापासून निघून प्राणी, टोळी, नागर संस्कृति अशा पायऱ्या चढत पांचव्या अंकांत आकाशगंगेंत पोहोंचतो. तो शेवटचा अंक विस्तारानें सर्वांत मोठा. पण त्यांत खेळाडूच्या हातीं मुख्यत्वें एकच नौका असते. कोठें चांचे उतरले, कोठें एखाद्या ग्रहावर जीवसृष्टीचा तोल बिघडला, कोठें मित्रराष्ट्रानें मदत मागितली, कीं प्रत्येक ठिकाणीं स्वतः धांवून जावें लागतें. दूरच्या प्रदेशांचें कुतूहल मनांत घेऊन निघावें, तों मागून हांक येते. समीक्षकांनीं व खेळाडूंनीं ह्या धांवाधांवीविषयीं त्या काळीं पुष्कळ तक्रार केली.

ही तक्रार वाचतांना माझ्या डोळ्यांपुढें जी मूर्ति आली, ती अर्थात् औरंगजेबाची. तो दक्षिणेंत उतरला, १६८६ त विजापूर घेतलें, १६८७ त गोवळकोंडा घेतला, १६८९ त संभाजी महाराजांचा वध केला. मोंगल साम्राज्य त्या वेळीं विस्तारानें परमावधीस पोहोंचलें होतें. त्या विद्यार्थ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर डाव जिंकलेला होता. आणि त्यानंतर हा वृद्ध बादशहा काय करीत होता? साताऱ्याला वेढा, पन्हाळ्याला वेढा, विशाळगडाला वेढा, सिंहगड, राजगड, तोरणा. १६९९ पासून पुढें एकेका किल्ल्यासाठीं तो स्वतः छावणी हलवीत होता. एक किल्ला घ्यावा, पुढच्याकडे वळावें, तों मागचा मराठ्यांनीं परत घ्यावा. १७०७ त अहमदनगरीं त्याचा अंत झाला. उत्तरेचें दर्शन त्यास पुन्हां घडलें नाहीं. सुभेदारांवर विश्वास नाहीं म्हणून बादशहा प्रत्येक ठिकाणीं जातो, आणि बादशहा एका ठिकाणीं अडकला म्हणून दुसरीकडचे सुभेदार सैल होतात. ह्या चक्रास कोणाही खेळाच्या कर्त्याची कल्पना लागत नाहीं. तें इतिहासांत प्रत्यक्ष आहे.

उलट, कारभार वांटण्याचा प्रयोगही इतिहासानें करून पाहिला आहे. रोमच्या डायोक्लीशननें २८६ सालीं मॅक्सिमियन यास सहसम्राट केलें, २९३ त दोन कनिष्ठ सम्राट नेमून साम्राज्य चौघांत वांटलें, आणि प्रांतांचे तुकडे करून त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट केली. एका डोक्यांत न मावणारें राज्य चार डोक्यांत बसविण्याचा हा उपाय वीस वर्षें बरा चालला. ३०५ सालीं तो स्वेच्छेनें गादीवरून उतरला मात्र, त्याच्या वारसांत लवकरच यादवी सुरू झाली. अधिकार आपल्याकडे ठेवावा तर लक्ष पुरत नाहीं, आणि दुसऱ्याला द्यावा तर तो दुसरा स्वतंत्र होतो. मोठ्या राज्याचें सगळें राजकारण ह्या पेंचांत आहे, आणि नाट्यही ह्यांतच आहे. खेळांतील सुभेदार मात्र फार तर अडाणी असतो. महत्त्वाकांक्षी कधींच नसतो. तो चुकीच्या जागीं कारखाना बांधील, पण आपल्या नांवाचा शिक्का पाडणार नाहीं. म्हणूनच त्याच्यावर कारभार सोंपविणें हा निर्णय न राहतां नुसता नाइलाज होऊन बसतो.

ह्या पेंचाची दखल घेण्याचा सर्वांत मोठा व सर्वांत चिकाटीचा प्रयत्न स्वीडनमधील पॅरडॉक्स संस्थेच्या 'स्टेलारिस' ह्या खेळांत झाला आहे. हा २०१६ च्या मे महिन्यांत निघाला, आणि त्यानंतर त्याची डागडुजी अव्याहत चालू राहिली. म्हणून उत्तरकालाच्या दुखण्यावरील औषधांचा तो एक चालता-बोलता दवाखानाच आहे. आरंभीं त्यांत राजानें थोडकेच ग्रह स्वतःकडे ठेवावे व बाकीचे सुभ्यांत घालावे, असा नियम होता. सुभ्यांचा यांत्रिक कारभार खेळाडूंना पसंत पडला नाहीं, आणि पुढें ती मर्यादा काढून टाकण्यांत आली. सर्व आरमार एका ठिकाणीं जमवून एकाच लढाईंत युद्धाचा निकाल लावण्याची जी चाल पडली होती, तिला आळा घालण्यासाठीं २०१८ च्या फेब्रुवारींत एकेका आरमाराच्या आकारास मर्यादा घातली गेली. आणि शेवटच्या अंकांत प्राण आणण्यासाठीं तर आरंभापासूनच 'अरिष्टा'ची योजना आहे: खेळाचीं कांहीं शतकें लोटल्यावर आकाशगंगेबाहेरून भक्षक झुंडी याव्या, अगर दुसऱ्या मितींतून शत्रु प्रकट व्हावे, अगर यंत्रांनींच बंड पुकारावें.

अरिष्टाची कल्पना चित्तथरारक आहे, पण उपाय म्हणून ती अपुरी आहे, असें माझें नम्र मत आहे. तिचें स्वरूप पाहा. खेळाडूचें राज्य ज्या कारणांनीं निर्जीव झालें, त्यांतील एकाही कारणाशीं अरिष्टाचा संबंध नसतो. राजानें न्यायानें राज्य केलें वा अन्यायानें, प्रजा तृप्त ठेवली वा पिळून काढली, तरी अरिष्ट आपल्या वेळेस येतेंच. आणि त्याचें उत्तर एकच: आणखी आरमार. तें राज्याच्या मानानें दुबळें पडलें तर हास्यास्पद होतें, प्रबळ पडलें तर सर्वनाश होतो. म्हणून त्याचें बळ किती असावें हें खेळाडूनेंच आधीं ठरवावें, अशी सोय पुढें करावी लागली. आपल्या विनाशकाचें बळ जेथें आपणच मोजून मागवितों, तेथें भयही मापानेंच वाटणार.

ह्याच खेळांत एक दोष असा आहे, कीं त्यानें मला मोठी करमणूकही दिली व विचारही करावयास लावलें. जसजसा काळ लोटतो तसतसा खेळ अक्षरशः मंद होत जातो. आकाशगंगा एक हजार ताऱ्यांपर्यंत मोठी करतां येते. २०१८ च्या डिसेंबरांतील बदलानंतर प्रजेच्या प्रत्येक घटकास काम नेमून देण्याचा हिशेब यंत्रास सतत करावा लागूं लागला, आणि घटक वाढले तसें यंत्र धापा टाकूं लागलें. २०२१ च्या एप्रिलमध्यें कर्त्यांनीं लोकसंख्येचा नियमच बदलला: साम्राज्याची एकूण प्रजा जितकी जास्त, तितका पुढचा घटक जन्मास यावयास विलंब. पुष्कळ खेळाडू रागावले; कारण नवीन ग्रह रिकामा असला तरी तेथील वाढ दूरच्या राजधानींतील गर्दीमुळें खुंटावी, ह्यास जगाच्या दृष्टीनें कांहीं कारण दिसेना. कारण जगांत नव्हतेंच. बव्हंशीं तें यंत्रांत होतें. २०२५ च्या मे महिन्यांतील मोठ्या आवृत्तींत अखेर प्रजा सुटी न मोजतां गटांनीं मोजण्याची पद्धति आली. ज्या दिवशीं कागदावरचा हिशेब यंत्राकडे गेला, त्या दिवशीं मर्यादा नाहींशी झाली असें मीं वर म्हटलें. तें वाक्य आतां सुधारून घेतों. मर्यादा कोठेंच गेली नव्हती. ती चाळीस वर्षें मागून चालत येत होती.

पण माझ्या दृष्टीनें सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट निराळीच आहे. 'स्टेलारिस'च्या आकाशगंगेंत आरंभापासूनच कांहीं 'पतित साम्राज्यें' असतात: एके काळीं सर्वत्र सत्ता गाजविलेलीं, आतां आपल्या जुन्या ऐश्वर्याच्या अवशेषांत निश्चल बसलेलीं. खेळांतील हा भाग मला अत्यंत सुंदर वाटतो. परंतु हीं साम्राज्यें खेळ सुरू होतांना आधींच पडलेलीं असतात. तीं कशीं पडलीं, हें खेळाडूला खेळतां येत नाहीं. आणि त्याचें स्वतःचें साम्राज्य किती का वृद्ध होईना, त्या वाटेनें जात नाहीं. असंतुष्ट ग्रह बंड करूं शकतो. पण सुज्ञ खेळाडूच्या राज्यांत हें क्वचितच राज्याच्या मुळावर येतें. नवल हें कीं, ह्या खेळाचे आद्य सूत्रधार हेन्रिक फोरेउस ह्यांनींच २०१२ सालीं 'क्रूसेडर किंग्ज' ह्या मध्ययुगीन खेळाचा दुसरा भाग दिग्दर्शित केला होता. तेथें राजा मरतो, त्याचें राज्य मुलांत विभागलें जातें, भाऊ भावावर उठतो, आणि बापानें तीस वर्षांत जोडलेलें मुलगा तीन वर्षांत गमावतो. म्हणजे भूमीवरच्या राज्यास जरा-मरण आहे, हें त्या कर्त्यांस पूर्ण ठाऊक होतें. आकाशांत जातांना तें ज्ञान त्यांनीं खालींच ठेवलें.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळण्याजोगा नाहीं. माणूस खेळतो तो करमणुकीसाठीं. कष्टानें उभारलेलें राज्य रचनाकारानें नियमानें मोडून टाकलें, तर तो चिडणार नाहीं काय? चिडतो, ह्याचा पुरावाही आहे. 'सिव्हिलायझेशन' ह्या प्रसिद्ध मालेच्या सातव्या भागानें २०२५ सालीं इतिहासाचे तीन कालखंड पाडले. प्रत्येकाच्या शेवटीं संकट आणून पुढला आरंभ बराचसा नव्यानें करावयास लावला. हेतु हाच होता, कीं एकाची आघाडी अखेरपर्यंत अबाधित राहूं नये. पुष्कळांना तो तुटकपणा रुचला नाहीं. हें मी मान्य करतों. परंतु लोकांना राग येतो तो ऱ्हासाचा, कीं अन्यायाचा? घड्याळाच्या ठोक्यावर आलेला ऱ्हास हा जप्तीसारखा वाटतो. आपल्याच निर्णयांतून उगवलेला ऱ्हास मात्र शोकांतिकेसारखा मनास धरून ठेवतो. पानिपतची कथा आम्ही मराठी माणसें अडीचशे वर्षांहून अधिक काळ पुन्हां पुन्हां वाचतों, ती तींत जय आहे म्हणून नव्हे. कोणता निर्णय निराळा झाला असता, तर काय झालें असतें, हा प्रश्न तींत जिवंत आहे म्हणून. उत्तरकालाच्या खेळांत हाच प्रश्न मेलेला असतो.

असो. खेळांच्या कर्त्यांना दोष देणें सोपें आहे. पण हा लेख लिहितांना मीं आपल्या अध्यापनाची टांचणवही उघडली, आणि मला ओशाळें वाटलें. बाबरापासून शहाजहानापर्यंत माझीं व्याख्यानें बावीस. १७०७ पासून पुढल्या दीडशे वर्षांना मिळून तीन. उत्तरपत्रिकांत 'अमक्याच्या स्वारीमुळें साम्राज्य लयास गेलें' हें वाक्य दर वर्षीं येतें, आणि त्यावर मी लाल शाईनें प्रश्नचिन्ह काढतों. तें वाक्य मुलें खेळांतून शिकत असतील. पण कांहीं अंशीं तरी माझ्याकडूनच शिकत आलीं आहेत. बाहेरून आलेलें अरिष्ट मी वर्गांत रंगवून सांगतों. आंतली कारकुनी सांगावयास मला वेळ उरत नाहीं.

तो विद्यार्थी मध्यंतरीं भेटला. माझ्या आग्रहाखातर त्यानें उन्हाळ्याच्या सुटींत एक डाव शेवटपर्यंत खेळला होता. शेवटच्या शंभर वर्षांना पहिल्या दोनशे वर्षांहून अधिक दिवस लागले, असें तो म्हणाला. "आणि शेवटीं काय झालें?" मीं विचारलें. "गुणांचा तक्ता आला, सर. मी पहिला होतों." मग थोडें थांबून तो म्हणाला, "पण त्यांतलें मला कांहींच आठवत नाहीं. आठवतात ते पहिले चार तारे."

बुद्धिबळाचे जगज्जेते कापाब्लांका सांगत असत कीं, शिकणाऱ्यानें आधीं डावाचा शेवट शिकावा. पटावर मोहरे थोडे असतात, म्हणून प्रत्येकाचें बळ नीट कळतें. येत्या सत्रांत मी तोच प्रयोग करणार आहें. मोंगलांवरचें पहिलें व्याख्यान पानिपतच्या पहिल्या लढाईपासून सुरू न करतां अहमदनगरच्या छावणींतून सुरू करीन, आणि पुढच्या तासांना एकेक पाऊल मागें जाईन. त्या विद्यार्थ्यास पहिल्या बांकावर बसावयास सांगितलें आहे.